रॉ डिव्हाइस आदान-प्रदान

रॉ डिव्हाइस आदान-प्रदान (अन्य नावे: थेट उपकरण आदान-प्रदान, रॉ आय/ओ) ही संगणकाच्या संचालन प्रणालीच्या कर्नलमधील एक पद्धत आहे. या पद्धतीत डिस्कसारख्या उपकरणावरील विदा (डेटा) कर्नलच्या बफर कॅशमध्ये साठवला जात नाही. तो उपकरण आणि प्रोग्रामची स्मृती यांच्यामध्ये थेट हलवला जातो. युनिक्स प्रणालीत ही सोय १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहे. डेटाबेस प्रणाली, बॅकअप घेणारी साधने, फाइल प्रणाली तपासणारी साधने आणि डिस्कची प्रतिमा तयार करणारे प्रोग्राम तिचा वापर करतात. कर्नल एरवी जी कामे स्वतःहून करतो, त्यांपैकी बरीचशी कामे या पद्धतीत प्रोग्रामवर सोपवली जातात. त्यामुळे तिचे फायदे आणि धोके या दोन्हींचे मूळ एकच आहे.

टर्मिनलच्या संदर्भात वापरली जाणारी ‘रॉ मोड’ ही संज्ञा वेगळी आहे. तेथे कळफलकावरील प्रत्येक कळ ओळ पूर्ण होण्याची वाट न पाहता प्रोग्रामकडे पोहोचवली जाते. या लेखात केवळ साठवण उपकरणांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : बफर कॅश

फिरत्या हार्ड डिस्कवरील कोणत्याही जागेचा विदा वाचण्यास काही मिलिसेकंद लागतात, तर मुख्य स्मृतीतील वाचन सुमारे १०० नॅनोसेकंदांत होते. ही तफावत झाकण्यासाठी कर्नल मुख्य स्मृतीचा काही भाग राखून ठेवतो व नुकतेच वाचलेले किंवा लिहिलेले डिस्कवरील खंड त्यात ठेवतो. या भागास बफर कॅश म्हणतात. आधुनिक लिनक्समध्ये हे काम पेज कॅश करते. तोच खंड पुन्हा मागितला गेला, तर डिस्ककडे न जाता तो स्मृतीतूनच दिला जातो. प्रोग्राम क्रमाने वाचत असल्याचे दिसल्यास पुढील खंड कर्नल आधीच वाचून ठेवतो.

लेखनाच्या वेळी कॅश याहून महत्त्वाची भूमिका बजावते. प्रोग्रामने लिहिण्याची विनंती केली की कर्नल विदा कॅशमध्ये उतरवून घेतो आणि काम झाल्याचे लगेच कळवतो. प्रत्यक्ष डिस्कवरील लेखन नंतर होते. लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार हे काम करणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो व ३० सेकंदांहून जुने झालेले बदल डिस्ककडे पाठवतो. जुन्या युनिक्समध्येही दर ३० सेकंदांनी कॅश रिकामी करण्याची विनंती करणारा एक छोटा प्रोग्राम सतत चालू असे.

समजा, परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील एका अडत दुकानात शेतकऱ्याच्या सोयाबीनचे वजन आणि भाव संगणकावर नोंदवले गेले. पडद्यावर नोंद जतन झाल्याचा संदेश आला आणि दहा सेकंदांनी वीज गेली. प्रोग्रामने नोंद डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घेतली नसेल, तर ती केवळ मुख्य स्मृतीत होती आणि विजेबरोबर ती नाहीशी होऊ शकते. हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही प्रणालीस ‘लिहिले’ आणि ‘डिस्कवर पोहोचले’ यांतील हा फरक ओळखावा लागतो. डेटाबेस तयार करणाऱ्यांना कॅश टाळण्याची गरज वाटली, तिचे एक कारण हेच होते.

कार्यपद्धती

पारंपरिक युनिक्समध्ये एकाच डिस्कला दोन विशेष फाइली असतात. त्यांपैकी ब्लॉक उपकरणाची फाइल बफर कॅशमधून जाते, तर कॅरॅक्टर उपकरणाची फाइल कॅश टाळते. दुसऱ्या फाइलीच्या नावाआधी सहसा ‘आर’ हे अक्षर जोडले जाते; ते ‘रॉ’चे आद्याक्षर होय. रॉ फाइलीवर वाचन किंवा लेखन करताना कर्नलमध्ये साधारणपणे पुढील क्रमाने काम होते.

१. प्रोग्रामने दिलेला स्मृतीचा पत्ता त्याच्या स्वतःच्या हद्दीत आहे का आणि तेथे वाचण्याची किंवा लिहिण्याची परवानगी आहे का, हे कर्नल तपासतो.

२. पत्ता, लांबी आणि डिस्कवरील स्थान उपकरणाच्या खंडमापाला जुळते का, हे पाहिले जाते. अनेक डिस्कांचा खंड ५१२ बाइटांचा असतो, तर काही नव्या डिस्कांचा ४०९६ बाइटांचा असतो. मापे न जुळल्यास विनंती त्रुटीसह परत केली जाते.

३. स्मृतीचा तो भाग जागेवर खिळवून ठेवला जातो. विदा ये-जा करत असताना कर्नलने ती पाने इतरत्र हलवली, तर उपकरण भलत्याच प्रोग्रामच्या स्मृतीत लिहील. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत यासाठी संपूर्ण प्रक्रियेवर खूण करून तिला स्मृतीबाहेर काढण्यास मनाई केली जात असे.

४. विनंतीचे वर्णन करणारी नोंद उपकरणाच्या चालकाकडे (ड्रायव्हर) दिली जाते. नियंत्रक प्रोसेसरला मध्ये न घेता विदा थेट त्या स्मृतीत किंवा स्मृतीतून हलवतो. तोपर्यंत प्रक्रिया झोपी गेलेली असते.

५. काम संपल्यावर उपकरण व्यत्ययाद्वारे (इंटरप्ट) कर्नलला कळवते. खिळवलेली पाने सोडली जातात आणि किती बाइट हलवले गेले किंवा कोणती त्रुटी आली, हे प्रोग्रामला सांगितले जाते.

कॅशच्या मार्गात विदा दोनदा हलतो : उपकरणाकडून कॅशमध्ये आणि कॅशमधून प्रोग्रामकडे. रॉ मार्गात ही दुसरी प्रत वाचते. मात्र खंड आधीच वाचून ठेवणे, छोट्या विनंत्या एकत्र करणे आणि वाचलेले जपून ठेवणे या सोयी मिळत नाहीत. त्यामुळे थोडाथोडा विदा वाचणारा साधा प्रोग्राम रॉ मार्गाने अधिक संथ चालतो.

इतिहास

युनिक्सचा विकास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून झाला. १९७५ मध्ये बाहेर आलेल्या सहाव्या आवृत्तीच्या बफर कॅशमध्ये ५१२ बाइटांचे अवघे १५ बफर होते. संपूर्ण डिस्कची प्रत घेणाऱ्या प्रोग्रामने कॅशमधून वाचन केले, तर इतरांच्या उपयोगाचे खंड लगेच बाहेर फेकले जात. शिवाय कॅशमधून एका वेळी एकच खंड येत असे, तर रॉ उपकरणावर मोठा भाग एकाच विनंतीत हलवता येई. त्यामुळे बॅकअपसाठी आणि पुढे फाइल प्रणालीच्या तपासणीसाठी रॉ फाइल वापरण्याची प्रथा पडली.

लिनक्समध्ये आरंभी केवळ ब्लॉक उपकरणेच होती. डेटाबेसांच्या गरजेतून स्टीफन ट्वीडी यांनी तयार केलेला रॉ चालक २.४ या कर्नल मालिकेत (जानेवारी २००१) आला. तो एखाद्या ब्लॉक उपकरणाला जोडलेली वेगळी रॉ फाइल उपलब्ध करून देत असे. त्याच वर्षी २.४.१० या आवृत्तीत ‘ओ-डायरेक्ट’ हे चिन्ह दाखल झाले. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या आयरिक्स प्रणालीत ते आधीपासून होते. हे चिन्ह देऊन फाइल उघडल्यास त्या फाइलीपुरती कॅश टाळली जाते. त्यासाठी वेगळ्या उपकरणाची गरज नसते आणि फाइल प्रणालीवरील सामान्य फाइलींनाही ते लागू होते. परिणामी स्वतंत्र रॉ चालकाचे प्रयोजन उरले नाही आणि ५.१४ या आवृत्तीत (२०२१) तो काढून टाकण्यात आला.

फ्रीबीएसडीने याच्या उलट दिशा घेतली. त्या प्रणालीने कॅशमधून जाणारी ब्लॉक उपकरणेच बंद केली आणि डिस्कसाठी केवळ कॅरॅक्टर उपकरणे ठेवली. कॅश हे फाइल प्रणालीचे काम मानले गेले.

डेटाबेस प्रणालींमधील वापर

डेटाबेस प्रणाली सहसा स्वतःची कॅश ठेवते. कोणते पान पुन्हा लागेल आणि कोणते लागणार नाही, हे तिला कर्नलपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. कर्नलची कॅशही मध्ये असल्यास तेच पान स्मृतीत दोनदा राहते आणि जागा वाया जाते. म्हणून अनेक वर्षे मोठे डेटाबेस फाइल प्रणाली न वापरता थेट रॉ विभागांवर ठेवले जात. त्याची किंमत व्यवस्थापकांना मोजावी लागे : विभागाचा आकार आधीच ठरवावा लागे, नेहमीच्या आज्ञांनी प्रत काढता येत नसे आणि विभागात काय आहे, हे नावावरून कळत नसे.

हा पेच सोडवण्याचा एक प्रयत्न व्हेरिटास या कंपनीच्या फाइल प्रणालीत झाला. या कंपनीचे एक विकास केंद्र पुण्यात होते. तिच्या ‘क्विक आय/ओ’ या सोयीत सामान्य फाइल विशिष्ट नावाने उघडली असता ती डेटाबेसला रॉ कॅरॅक्टर उपकरणासारखी दिसे. दुहेरी कॅश टळे, एकाच फाइलीवर अनेक लेखने एका वेळी चालू शकत आणि व्यवस्थापकाला ती फाइल इतर फाइलींप्रमाणेच हाताळता येई. पुढे थेट आदान-प्रदान सर्वत्र रुळले आणि रॉ विभागांची गरज ओसरली. ओरॅकलने १२सी या आवृत्तीत (२०१३) रॉ उपकरणांचा आधार काढून घेतला.

पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसने मात्र कर्नलच्या कॅशवर विसंबून राहण्याचा मार्ग निवडला होता. २०१८ मध्ये या मार्गातील एक उणीव ठळकपणे पुढे आली. कॅशमधील विदा डिस्कवर उतरवताना त्रुटी आल्यास लिनक्स ती एकदा कळवत असे, पण संबंधित पाने उतरवली गेल्याचे मानून पुढे जात असे. डेटाबेसने पुन्हा विनंती केल्यास यशाचा संदेश मिळे, प्रत्यक्षात विदा हरवलेला असे. २०१९ च्या आरंभी आलेल्या सुधारणेनंतर अशी त्रुटी येताच पोस्टग्रेएसक्यूएल थांबतो आणि नोंदवहीवरून (लॉग) स्वतःला पूर्वपदावर आणतो. त्याच्या १६ व्या आवृत्तीत (२०२३) विकसकांच्या चाचणीसाठी थेट आदान-प्रदानाचा पर्याय देण्यात आला.

टिकाऊपणाविषयीचा गैरसमज

कॅश टाळली म्हणजे विदा सुरक्षित झाला, असे अनेकदा मानले जाते. ते बरोबर नाही. रॉ लेखन यशस्वी झाल्याचा अर्थ विदा उपकरणाकडे पोहोचला, एवढाच आहे. बहुतेक डिस्कांमध्ये स्वतःची छोटी स्मृती असते आणि वीज गेल्यास तिच्यातील मजकूर पुसला जाऊ शकतो. तसेच सामान्य फाइलीवर थेट लेखन केले असता फाइलीची लांबी व तिच्या खंडांची यादी कर्नलच्या कॅशमध्येच राहू शकते. म्हणून थेट लेखनानंतरही कॅश व उपकरण रिकामे करण्याची स्पष्ट विनंती करावी लागते. उलट, साध्या मार्गाने लिहून ही विनंती केली, तरी तेवढीच खात्री मिळते. ताडकळसच्या उदाहरणातील नोंद या विनंतीमुळे वाचली असती; त्यासाठी रॉ उपकरण आवश्यक नव्हते.

धोके

रॉ उपकरणाला फाइल, मालक किंवा निर्देशिका या संकल्पना ठाऊक नसतात. एका चुकीच्या क्रमांकावर लिहिलेला खंड फाइल प्रणालीची मूळ नोंद पुसू शकतो. त्यामुळे या फाइलींचे अधिकार सहसा प्रशासकापुरते मर्यादित असतात. ज्याला रॉ डिस्क वाचता येते, त्याला तिच्यावरील प्रत्येक फाइल वाचता येते, मग त्या फाइलीची परवानगी काहीही असो.

दुसरा धोका विसंगतीचा आहे. फाइल प्रणाली वापरात असताना त्याच डिस्कवर रॉ मार्गाने लिहिले, तर कर्नलच्या कॅशमधील प्रत जुनी राहते आणि पुढे तीच नव्या मजकुरावर लिहिली जाऊ शकते. म्हणून तपासणी किंवा दुरुस्तीची साधने चालवण्यापूर्वी फाइल प्रणाली विलग केली जाते. वापरात असलेल्या फाइल प्रणालीच्या उपकरणावर थेट लेखन रोखण्याचा पर्याय लिनक्सच्या ६.८ या आवृत्तीत (२०२४) उपलब्ध झाला.

सद्यस्थिती

आजच्या एनव्हीएमई डिस्कांवर एक वाचन काही दशक मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. उपकरण वेगवान झाल्याने कर्नलमधील प्रत काढण्याचा व वाट पाहण्याचा खर्च तुलनेने मोठा दिसू लागला आहे. लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत (२०१९) आलेली ‘आयओ-युरिंग’ ही सोय अनेक विनंत्या एकत्र सोपवू देते आणि ती थेट आदान-प्रदानासह वापरली जाते. काही प्रणाली याहून पुढे जाऊन उपकरणाचा चालकच प्रोग्राममध्ये चालवतात. तेथे विनंती पाठवताना कर्नलला मध्ये घेतले जात नाही; मात्र ते उपकरण इतर प्रोग्रामांना वाटून देण्याची सोयही उरत नाही. सामान्य प्रोग्रामांसाठी कर्नलची कॅश हाच प्रचलित मार्ग आहे.