काचेच्या मोरीतलं अळू

दर रविवारी सकाळी मी मासे बादलीत काढायचो आणि फिश टँक लख्ख धुवायचो. खडी नळाखाली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून, काचा वर्तमानपत्राने. घरातलं एक तरी काम आपण चोख करतो, याचं मला कौतुक वाटे. मुलीच्या वाढदिवसाला आणलेले चार गोल्डफिश दोन महिन्यांत संपले. पुन्हा आणले, तेही गेले. दुकानदार नवी जोडी पिशवीत भरून देई आणि 'पाणी स्वच्छ ठेवा' म्हणे. मी आणखी जोरात घासू लागलो.

मासे माझ्या स्वच्छतेनेच मरत होते, हे फार उशिरा कळलं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. गोल्डफिशला तर जठरच नसतं, त्यामुळे तो घाणही पुष्कळ करतो. खडीवर आणि स्पंजात राहणारे जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सहन करतो. ही वसाहत जमायला महिना-दीड महिना लागतो, आणि ती मी दर रविवारी क्लोरिनच्या पाण्याने धुऊन टाकत होतो! नायट्रेट मात्र साठत जातं, म्हणून पाणी बदलावं लागतंच. पण थोडं, सगळं नव्हे.

त्या काढलेल्या पाण्याचं काय करायचं, ते आईने ठरवलं. गावचं घर विकल्यावर ती आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आली होती. विकायचा आग्रह माझा. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. तशी ती फारशी कशाबद्दलच बोलत नसे. एकदा मी बादली ओतायला निघालो तर म्हणाली, "अरे, फेकतोस कशाला? आपल्याकडं मोरीच्या पाण्यावर अळू कसलं माजायचं!"

खरंच होतं. परसात सांडपाणी केळीला आणि अळवाला जाई. टँक म्हणजे दुसरं काय, काचेची मोरीच.

मग टँकवर बसेल असा लांबट ट्रे आणला, तळाला भोकं पाडली, धुतलेली खडी भरली. छोटा पंप पाणी वर चढवतो, ते खडीतून झिरपत पुन्हा माशांवर पडतं. मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट लावले. मुळांची माती आधी धुऊन, नाहीतर टँकचा चिखल होतो. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा, पण आमच्या खिडकीत असा रमला की महिन्याभरात पडद्याच्या दांडीवर गेला. पुढं कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. लोह कमी, माशांच्या खाण्यातून ते झाडाला पुरेसं मिळत नाही. पाणी बदलणं थांबलं का, असं लोक विचारतात. थांबलं नाही, कमी झालं.

आईचं या शोभेच्या झाडांनी समाधान होईना. तिने गावाहून अळवाचे दोन कंद मागवले आणि ट्रेच्या कडेला स्वतः रोवले. खिडकीतलं ऊन पुरेसं नव्हतं, पानं लहानच राहिली, पण देठ काळेभोर. रोज सकाळी ती पानं मोजी. सात झाली तेव्हा म्हणाली, "रविवारी वड्या करू."

त्याच आठवड्यात एका माशाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले. ठिपक्यांच्या रोगावरचं निळं औषध मी रात्रीच टँकमध्ये घातलं, आणि मग वर पाहिलं. शोभेच्या माशांचं औषध पडलेल्या पाण्यावरचं अळू खायचं नसतं. आई झोपली होती. तिला उठवून विचारता आलं असतं. घराचंही मी असंच केलं होतं. व्यवहार ठरल्यावर सांगितलं होतं.

सकाळी ती निळ्या पाण्यापुढे उभी होती.

"मासा जगेल?"

"बहुतेक."

"मग राहू दे." थोड्या वेळाने म्हणाली, "विचारायचंस रे."

मासा जगला. अळवाची पानं तिने स्वतःच खुडून केराच्या टोपलीत टाकली. कंद आता बाल्कनीत, मातीच्या कुंडीत आहेत. त्यांना टँकचं पाणी घालायचं नाही, असा तिचा हुकूम आहे. तांदळाचं धुवण ती स्वतः घालते.