मका गेला, चुना मागे राहिला

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की कणकेचा गोळा होतो. मक्याचे पीठ गार पाण्यात भिजवून पाहा. गोळा थापू लागताच भेगा पडतात. गव्हात ग्लुटेन नावाची चिवट प्रथिने असतात, मक्यात ती नसतात. ज्वारीचीही अडचण हीच, म्हणून आपल्याकडे भाकरीच्या पिठात कढत पाणी घालतात. उष्णतेने पिठातला काही स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ एकत्र धरून ठेवतो.

मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो घडवला. त्याची भाकरी थापण्यासाठी तिथल्या स्त्रियांनी वेगळीच युक्ती शोधली. त्यांनी चुना वापरला.

ही रीत आजही चालू आहे. वाळलेले दाणे चुना घातलेल्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचे आणि सकाळी चोळून धुवायचे. धुतलेल्या दाण्यांना 'निश्तामाल' म्हणतात. नाउआत्ल भाषेतल्या 'राख' आणि 'पीठ' या अर्थांच्या शब्दांपासून तो बनला आहे, कारण चुन्याऐवजी लाकडाची राखही चालते. हे दाणे 'मेटाटे' या दगडावर वाटतात. मेटाटे म्हणजे थोडा उतरता, पायांचा पाटाच. वाटलेल्या पिठाला 'मासा' म्हणतात. तो थापून तव्यावर भाजला की टॉर्टिया होते. मक्याच्या कणसाच्या पातीत गुंडाळून उकडला की 'तामाल' होतो. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण व्हावी असा.

चुना नेमके काय करतो? विरी चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू १२ च्या वर असतो. दाण्याचे कडक साल ज्या हेमिसेल्युलोजमुळे घट्ट राहते, ते अशा तीव्र अल्कलीत विरघळू लागते. साल सुटते आणि विरघळलेला भाग डिंकासारखा पीठ धरून ठेवतो. काही कॅल्शियम दाण्यात उतरते, त्यामुळे टॉर्टियातून तेही मिळते.

पण सर्वांत मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व असते, पण ते बहुतांशी इतर रेणूंशी रासायनिक बंधांनी जखडलेले असते. आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. अल्कली हे बंध तोडते आणि नायसिन मोकळे होते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही शरीर नायसिन बनवू शकते, पण मक्याच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन फार थोडे असते. मेक्सिकोच्या जेवणात टॉर्टियाबरोबर घेवड्याच्या उसळी असतात. त्या ही उणीव भरून काढतात.

कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मका युरोपात पोहोचला. पीक भरघोस येई, म्हणून तो गरिबाचे अन्न झाला. धान्य गेले, पण चुन्याची रीत सोबत गेली नाही. दाणे जात्यात दळता येत होते. मग चुना कशाला, असेच दळणाऱ्यांना वाटले असणार.

१७३५ मध्ये स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल याने मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत एक नवा रोग पाहिला. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन खरखरीत होई, पुढे जुलाब होत, बुद्धिभ्रंश होई आणि शेवटी मृत्यू येई. १७७१ मध्ये इटलीत या रोगाला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव छापून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले. अनेक डॉक्टरांना तो संसर्गजन्य वाटे.

१९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे हे काम आले. अनाथाश्रमांत मुले आजारी पडत, पण त्यांची देखभाल करणाऱ्यांना काहीच होत नसे, हे त्यांनी हेरले. जंतूंना असा भेद कळत नाही. फरक ताटात असला पाहिजे. दूध, अंडी, मांस दिल्यावर मुले बरी झाली. रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेऊनही गोल्डबर्गर यांना रोग झाला नाही. १९२९ मध्ये ते वारले, तेव्हा ताटात काय कमी होते हे कळलेले नव्हते. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी दाखवले की, कुत्र्यांना होणारा याच प्रकारचा रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिनने, बरा होतो.

हा रोग आपल्यालाही अपरिचित नाही. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळे. हैदराबादला सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. तेव्हा दोष एकट्या मक्याचा नाही. एकाच धान्यावर दिवस काढावे लागणे हा खरा दोष.

वर्गात हा प्रयोग करता येईल. पाव किलो वाळलेल्या दाण्यांचे दोन वाटे घ्या. स्टीलच्या दोन पातेल्यांत प्रत्येकी पाऊण लिटर पाणी घाला. एकात विड्याच्या पानाला लावतात तो ओला चुना ५ ग्रॅम घाला. भिंतीला द्यायचा चुना मुळीच नको आणि ॲल्युमिनियमचे भांडेही नको, कारण चुना त्याला खातो. दोन्ही ४० मिनिटे मंद उकळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन्ही पाण्यांत हळदीचा कागद बुडवा. चुन्याच्या पाण्यात तो लाल होईल. मग दाणे तीन-चार पाण्यांत चोळून धुवा, वाटा आणि थापा. कोणते साल सुटले आणि कोणता गोळा भेगाळला, याची नोंद विद्यार्थ्यांनाच करू द्या. मोकळे झालेले नायसिन मात्र दिसणार नाही, हेही सांगा.

तेच महत्त्वाचे आहे. मेक्सिकोतल्या त्या स्त्रियांनाही ते दिसले नव्हते. त्यांना सुटणारे साल आणि न फाटणारी भाकरी एवढेच माहीत होते. आपल्या स्वयंपाकघरातही कारण न सांगता चालत आलेल्या अनेक रीती आहेत. त्यांतील काही निरर्थक निघतील, काही नाहीत. टाकण्यापूर्वी 'असे का?' हा प्रश्न विचारून तपासून पाहावे, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना शिकवू या.