कर्नल सायक्सचा डेटा वाचताना

माळरानावरचा सायक्सचा चंडोल तुम्ही कदाचित पाहिला असेल. विल्यम सायक्स होता मात्र कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ला खडकीला पेशव्यांविरुद्ध लढला. १८२४ला एल्फिन्स्टनने त्याला नुकत्याच जिंकलेल्या दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. सरकारला हवी होती लोकसंख्या, जमीन, महसूल. पक्षी आणि हवामानाच्या नोंदी त्याच दौऱ्यांतून निघाल्या. १८२९ला पदच रद्द झालं, तर या गड्याने रजा घेऊन बिनपगारी काम पुरं केलं! तरी त्याला निव्वळ ज्ञानपिपासू म्हणायला मी तयार नाही. मोजणी राज्य चालवण्यासाठीच होती.

त्याचा १८३५चा दख्खनच्या हवामानावरचा निबंध जरूर वाचा. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, चारच्या सुमाराला कमी. याला वातावरणीय भरती-ओहोटी म्हणतात. मुख्य कारण चंद्र नाही, सूर्याची उष्णता. फरक जेमतेम दोन-तीन मिलिबारचा. उलट आठ-दहा मीटर उंची बदलली की दाब एक मिलिबारने बदलतो. म्हणून हे आकडे वापरण्याआधी एवढं शोधा: त्या दिवशी साहेबाचा तंबू नेमका कुठे होता?