टेनिसच्या चेंडूवरून सीझन बॉलकडे

गल्लीत टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी शिकलेला मुलगा जेव्हा प्रथम सीझन बॉल हाती घेतो, तेव्हा ५६ ते ५९ ग्रॅमांना सरावलेल्या त्याच्या खांद्यावर, पुरुषांच्या क्रिकेटच्या कायद्याने मुक्रर केलेला १५५.९ ते १६३ ग्रॅमांचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट, भार अकस्मात येऊन पडतो. वेगाचा मोह या काळात सर्वथा वर्ज्य समजावा. तर्जनी व मध्यमा शिवणीच्या दोन बाजूंस, अंगठा खाली आणि मनगट चेंडूच्या पाठीशी सरळ, ही पकड इतकी अंगवळणी पडावी की चेंडू सुटताना शिवण उभीच राहील. स्विंगचे सारे शास्त्र, माझ्या मते, या एका शिस्तीवर अवलंबून आहे. टेनिसचा चेंडू आखूड टप्प्यावरूनही उंच उसळतो, हा तसा उसळत नाही, म्हणून टप्पा पुढे न्यावा लागतो. कोपर झटकून वेग मिळविण्याची सवयही सोडावी लागते, कारण आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते सरळ होण्यास १५ अंशांपर्यंतच मुभा आहे. पालकांनी व प्रशिक्षकांनी आरंभीचे काही आठवडे मोजकीच षटके टाकू द्यावीत, आणि खांदा वा कंबर दुखू लागताच गोलंदाजी तहकूब करावी, ही कळकळीची विनंती.