आतडी : बाहेर टाकणारी की आत घेणारी?

पोटाच्या तक्रारींवरचे घरगुती सल्ले ऐकले की आतडी म्हणजे शरीराची मोरीच वाटते. तुंबली की साफ करा, वाहू लागली की बंद करा. प्रत्यक्षात आतड्यांचं मोठं काम आत घेण्याचं आहे : अन्नाचं सत्त्व आणि पाणी रक्तात पोचवण्याचं. हे ध्यानात घेऊन काही प्रचलित समजुती तपासू.

गैरसमज : अन्न जठरात पचतं, आतडी ते नुसतं पुढे ढकलतात.

वस्तुस्थिती : जठरात अन्न घुसळलं जातं आणि प्रथिनांच्या पचनाला सुरुवात होते. बहुतेक पचन मात्र लहान आतड्यात होतं. स्वादुपिंडाचा रस आणि यकृताकडचं पित्त तिथेच अन्नात मिसळतं. अस्तरावरच्या असंख्य सूक्ष्म उंचवट्यांतून पचलेलं अन्न शोषलं जातं. हे अस्तर टेनिस कोर्टाएवढं असतं, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. स्वीडनच्या संशोधकांनी २०१४मध्ये संपूर्ण पचनमार्गासाठी सुमारे ३२ चौरस मीटर हा आकडा मांडला. म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहूनही कमी.

गैरसमज : जेवल्या जेवल्या संडासला लागतं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही.

वस्तुस्थिती : जठर भरू लागलं की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. बाहेर पडतं ते बहुधा कालचं किंवा परवाचं अन्न. लहान आतडं पार करायलाच अन्नाला काही तास लागतात आणि मोठ्या आतड्यात ते अनेकदा दिवसभर, कधी त्याहून जास्त राहतं.

गैरसमज : पोट रोज साफ झालंच पाहिजे, नाहीतर मळ आतड्याला चिकटतो. म्हणून अधूनमधून एरंडेल घ्यावं.

वस्तुस्थिती : दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही स्वाभाविक असू शकतं; कुंथावं लागतं का, खडा होतो का, हे महत्त्वाचं. अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नव्या येतात, त्यामुळे जुन्या मळाची पुटं तिथे चढत नाहीत. मळ मोठ्या आतड्यात रेंगाळला की तिथे त्यातलं पाणी शोषलं जात राहतं आणि तो कडक होतो. एरंडेल आतड्यांना जोराने आकुंचन पावायला लावतं. त्यातून पाणी आणि क्षार जातात, साठलेलं ‘विष’ नाही. भाकरी, उसळी, पालेभाज्या, पुरेसं पाणी आणि चालणं यांचा उपयोग जास्त. सवय एकाएकी बदलली किंवा मळातून रक्त गेलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज : बेंबी सरकली की पोट बिघडतं, चोळून ती जागेवर आणावी लागते.

वस्तुस्थिती : बेंबी हा नाळ गळून पडल्यावर उरलेला व्रण आहे. आतड्यांशी तिचा जोड नसतो. पोटातल्या बऱ्याच कळा आपोआप शमतात आणि श्रेय चोळण्याला मिळतं. यात धोकाही आहे. अपेंडिक्सला सूज आली की दुखणं अनेकदा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. अशा वेळी पोट चोळत बसू नये, रुग्णालय गाठावं.

गैरसमज : जुलाब लागले की खाणंपिणं बंद करावं.

वस्तुस्थिती : प्यायलेलं पाणी आणि शरीराने सोडलेले रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यांत येतो. त्यातला जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर मळावाटे जातो, बाकी सगळा परत रक्तात. जुलाबात हाच हिशोब कोलमडतो. पण कॉलऱ्यातसुद्धा एक वाट उघडी राहते : ग्लुकोज आणि सोडियम एकत्र मिळाले की आतडं दोन्ही शोषून घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणीही. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं द्रावण रुग्णांना पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला.

हीच आपली जलसंजीवनी. तयार पाकीट उत्तम. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. बाळाचं अंगावरचं दूध आणि मोठ्यांचं हलकं जेवण चालू ठेवावं. मूल मलूल झालं, पिईनासं झालं किंवा लघवी कमी झाली, तर घरी वाट पाहू नये.