कुऱ्हाड तर कुणी चालवलीच नाही!

जुळे सोलापुरातला एक रिकामा प्लॉट डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात डेरेदार कडुनिंब. तिथं घर बांधायचं ठरलं, तेव्हा मालक म्हणाले, "झाडाला हात लावायचा नाही हं!" शाब्बास!

मग डंपर आला, मिस्त्री आले. ऊन तर आपल्या सोलापूरचं! म्हणून सिमेंटची पोती निंबाच्या सावलीत, खडीचा ढीग तिथंच, मिक्सरही तिथंच. घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली. आणि दोन-तीन वर्षांनी, पाडव्याच्या सुमाराला गावातले सगळे निंब तांबूस पालवीनं भरले, तेव्हा या निंबाचे शेंडे मात्र वाळक्या काटक्या!

कुऱ्हाड नाही, करवत नाही. मग झाडावर हल्ला केला कुणी?

चला, तपास करू. पहिला धागा जमिनीखाली सापडतो. चित्रात आपण मुळं कशी काढतो? सरळ खाली, खोल खोल जाणारी. खरं तर बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात. ती आडवी पसरतात, अगदी फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे. परातीत तांब्या ठेवलाय असं समजा. तांब्या म्हणजे झाड आणि परात म्हणजे मुळं. आपण तांब्या जपला, पण खडी ओतली परातीत!

दुसरा धागा. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, ती त्यांना लागते. आपली शेंगाचटणी कशी भुरभुरीत असते? तीच मुठीत गच्च दाबली की गोळा होतो, फटी गायब! डंपरची चाकं मातीचं तेच करतात. आपली काळी माती ओली असेल तर विचारूच नका. मग हवा आत जात नाही आणि पाणीही मुरत नाही.

इतर आरोपीही आहेत. मिक्सर धुतलेल्या पाण्यानं माती अल्कधर्मी होते, मग मुळांना मातीतलं लोह घेता येत नाही. जेसीबीनं चर खणताना मुळं तुटतात. खोडाची साल सोलली गेली तर पानांनी तयार केलेलं अन्न तिथून खाली पोचत नाही, कारण त्याची वाट सालीच्या आतल्या थरातूनच जाते. झाड बराच काळ साठवलेल्या अन्नावर तग धरतं. म्हणून ते वाळायला लागतं, तोवर खडीचा ढीग कुणाला आठवतही नाही.

मग झाड वाचवायचं कसं? एक सुतळी घ्या. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाभोवती गुंडाळून घेर मोजा. त्याच्या साधारण चौपट अंतर खोडापासून चारी बाजूंना सोडा. घेर 94 सेंटिमीटर असेल तर पावणेचार मीटर. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या 12 पट अंतर राखतात. घेर व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, म्हणजे आपला हिशेब जवळपास तोच! या रिंगणाला काम सुरू व्हायच्या आधीच कुंपण घालायचं. आत खडी नाही, वाळू नाही, गाडी नाही.

जमेल का? सोलापूरवरून जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड येत होता. तो सुमारे 400 वर्षांचा असल्याचं सांगत. 2020 मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली. पुढे 2022 मध्ये पावसात तो कोसळला, पण झाडासाठी महामार्गही वळतो, हे तो दाखवून गेला. मग खडीचा ढीग चार पावलं सरकणार नाही?

कायदाही सोबत आहे. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे महाराष्ट्रात 1975 पासून ठरलेलं आहे. पण खडीच्या ढिगाला कोण परवानगी विचारतो? तिथं लक्ष ठेवायला तुम्हीच हवेत.

आज संध्याकाळी सुतळी घेऊन दारातल्या झाडापाशी जा. चौपट अंतरावर खडूनं रिंगण आखा आणि बघा, आत्ता त्या रिंगणात काय काय ठेवलंय?