अदत्त छायाचित्र

जपानमधील कोबे शहराच्या कितानो या चढणीवरील भागात भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर १९८५ पासून उभे आहे. मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांचे ते श्रद्धास्थान आहे. कितानो हा जुन्या परदेशी व्यापाऱ्यांच्या बंगल्यांचा परिसर. हे बंगले पाहण्यासाठी जपानच्या इतर भागांतून पर्यटक येतात आणि वाटेत मंदिराचे शिखर दिसले की थबकून त्याचेही छायाचित्र घेतात. त्या चौकटीत कधी दर्शनाला निघालेली साडीतील गृहिणी येते, कधी पूजेच्या वस्त्रांतील श्रावक. त्यांच्यासाठी तो रोजचा दिवस असतो. पाहणाऱ्यासाठी ते दुर्मीळ दृश्य असते. जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाने तेथील रोजचे जीवन कॅमेऱ्यात टिपावे की नाही, आणि टिपावे तर कसे, या प्रश्नाची ही दुसरी बाजू आहे. ती ज्याने अनुभवली त्याला पहिली बाजू समजावून सांगावी लागत नाही.

नव्याने तेथे राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षी सारेच छायाचित्रयोग्य वाटते. पिवळ्या टोप्या घालून, पाठीवर 'रान्दोसेरु' हे कडक चामडी दप्तर लावून रांगेने शाळेला निघालेली मुले. सज्जाच्या कठड्यावर उन्हाला टाकलेल्या गाद्या. दुकान उघडण्यापूर्वी रस्त्यावर पाणी शिंपडणारा म्हातारा दुकानदार. रात्रीच्या गाडीत उभ्याउभ्या डुलकी घेणारे नोकरदार. पर्यटक ही दृश्ये टिपून आठ दिवसांत मायदेशी परततो. रहिवाशाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुकानदाराला नमस्कार करायचा असतो, त्याच शाळेच्या दारात आपल्या मुलाला सोडायचे असते. त्याच्या कॅमेऱ्याला शेजारधर्म लागू होतो.

मराठीत आपण छायाचित्र 'काढतो', जणू ते समोरच्या माणसाच्या आत असते आणि ते बाहेर ओढायचे असते. जपानी भाषेत त्यासाठी 'तोरु' हे क्रियापद आहे. उच्चार तोच ठेवून वेगळे चिन्ह लिहिले की त्याचा अर्थ 'घेणे' होतो, आणखी एका चिन्हाने लिहिले की 'चोरणे'. नकळत घेतलेल्या छायाचित्राला तेथे 'तोसात्सु' म्हणतात. त्यातील पहिल्या चिन्हाचा अर्थच चोरी. याउलट, संमतीने छायाचित्र घेणारा सभ्य माणूस 'तोरासेते इतादाकु' असा प्रयोग करतो. तुम्ही मला घेऊ देता आणि मी ते नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा भाव आहे.

जैन वाचकाला येथे तिसऱ्या अणुव्रताची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्राने चोरीची व्याख्या न दिलेले घेणे अशी केली आहे. वस्तूची किंमत त्या व्याख्येत कोठेच येत नाही. रस्त्यावर दिसलेल्या चेहऱ्याला किंमत नसते, म्हणून तो घेतला तर कोणाचे काय गेले, हा युक्तिवाद या व्याख्येपुढे टिकत नाही. व्यापारी घरांना या व्रताचे अतिचारही पाठ असतात. चोराने आणलेला माल विकत घेणे हा त्यांतील एक. नकळत टिपलेले परक्या मुलाचे गोजिरे छायाचित्र मोबाईलवर येते, आपण ते पाहतो, हसतो आणि दहा जणांना पुढे पाठवतो; हा कोणत्या खात्यात मांडायचा व्यवहार आहे, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

जपानी कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. क्योतोमध्ये १९६२ साली पोलिसांनी एका मोर्चातील विद्यार्थ्याचे छायाचित्र घेतले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ मध्ये न्यायालयाने पोलिसांची ती कृती वैध ठरवली. परंतु त्याच निकालात, आपला चेहरा व देह संमतीवाचून विनाकारण टिपला जाऊ नये हे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे, हेही मान्य केले. 'शोझोकेन' म्हणजे स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क, याचा आधार हा निकाल मानला जातो. या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. स्थळ, हेतू, पद्धत आणि गरज यांचा तोल पाहून न्यायालय निर्णय देते. म्हणजे रस्त्यावरचे प्रत्येक छायाचित्र गुन्हा नव्हे. पण जाब द्यावा लागू शकतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाईलमधून छायाचित्र घेताना होणारा खटका बहुधा बंद करता येत नाही. हा कायदा नसून उत्पादकांनी स्वतःहून पाळलेला दंडक आहे. तेथून फोन आणलेल्या नातेवाइकाच्या फोनचा तो आवाज लग्नमंडपात अनेकांनी ऐकला असेल.

पर्यटकांची गर्दी वाढल्यावर मामला आणखी बिघडला. क्योतोच्या गिओन भागात गेइको आणि माइको यांच्यामागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे खासगी गल्ल्यांत २०१९ पासून विनापरवाना छायाचित्रणास १०,००० येनच्या दंडाच्या पाट्या लागल्या. फुजी पर्वताजवळच्या फुजिकावागुचिको गावाने तर २०२४ मध्ये एका दुकानासमोर काळा पडदाच ताणला, कारण दुकानामागे पर्वत दिसावा म्हणून लोक रहदारीत उभे राहत होते.

परदेशी रहिवासी आणि कॅमेरा हे नाते मात्र फार जुने आहे, आणि त्याचा आरंभ व्यापारातच झाला. योकोहामा बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांना खुले झाले. तेथे १८६३ मध्ये फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार आला आणि २० वर्षांहून अधिक काळ राहिला. त्या काळी परदेशी माणसाला बंदरापासून सुमारे ४० किलोमीटरपलीकडे मुक्तपणे फिरता येत नसे. त्यामुळे बेआतो आणि त्याच्यानंतरच्या छायाचित्रकारांनी जपानचे 'रोजचे जीवन' बरेचसे चित्रशाळेतच उभे केले: पडद्यापुढे बसवलेले हमाल, छत्री धरलेल्या स्त्रिया, पालखीचे भोई. जपानी रंगकर्मी त्या प्रतींवर हाताने रंग भरीत आणि परदेशी प्रवासी ते संग्रह विकत नेत. माल देखणा होता, कारागिरी उत्तम होती. फक्त त्यातील माणसाला आपण कोणत्या देशाच्या दिवाणखान्यात पोहोचलो हे कधी कळले नाही.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे युजीन स्मिथ. हा अमेरिकन छायाचित्रकार दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या लढाईत गंभीर जखमी झाला होता. सप्टेंबर १९७१ मध्ये तो पत्नी आयलीन हिच्यासह क्युशू बेटावरील मिनामाता या किनारी गावात राहायला आला. आयलीनची आई जपानी, वडील अमेरिकन. भाषा तिची होती. दोघांनी रुग्णकुटुंबांच्या शेजारात लहानसे घर भाड्याने घेतले आणि तीन वर्षे तेथे काढली.

गावात चिस्सो या कंपनीचा रासायनिक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यातील सेंद्रिय पारा १९३२ ते १९६८ या काळात समुद्रात जात राहिला, माशांतून माणसांत शिरला, आणि हातपाय थरथरणे, दृष्टी आकुंचित होणे, वाचा जाणे अशा रूपांनी घराघरांत प्रकटला. आईच्या गर्भातच हे विष पोहोचलेली मुले जन्मली. या रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची; कारण शासनाने मान्य केले ते १९६८ मध्ये. अधिकृत रुग्णांची संख्याच सव्वादोन हजारांहून अधिक आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. चिस्सो विष विकत नव्हती. उपयुक्त रसायने विकत होती आणि विष फुकट सोडत होती. शास्त्रकारांनी या दुसऱ्या प्रकाराला नाव दिले नसले, तरी हिशेबात तो त्याच पानावर बसतो.

स्मिथ दांपत्याने मोर्चे आणि न्यायालयही टिपले; परंतु त्यांच्या कामाचा गाभा घरांतला आहे. वेडीवाकडी झालेली बोटे, अंथरुणाला खिळलेल्या मुलाला भरवणारी आजी, जाळे घेऊन समुद्रावर जाणारे लोक. शेजारी म्हणून आत घेतले गेल्याशिवाय अशी चित्रे मिळत नाहीत. त्याची किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९७२ मध्ये चिबा प्रांतातील कंपनीच्या कारखान्यात रुग्णांच्या शिष्टमंडळासोबत गेलेल्या स्मिथला कर्मचाऱ्यांनी मारहाण केली आणि त्याच्या दृष्टीवर परिणाम झाला. १९७३ च्या मार्चमध्ये कुमामोतो न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले.

यांतील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र डिसेंबर १९७१ मधील आहे. जन्मतःच विषबाधित, पंधरा वर्षांच्या मुलीला तिची आई न्हाणीघरात पाण्यात धरून बसली आहे. मुलीचे हात आखडलेले, डोळे वर. आई तिच्याकडे पाहते आहे. त्या घरात ही मुलगी कुटुंबाचे धन मानली जाई, कारण गर्भात आईच्या देहातील विष तिने स्वतःवर घेतले आणि धाकटी भावंडे वाचली, अशी आईची श्रद्धा होती. हे चित्र आईवडिलांच्या संमतीने घेतलेले होते. आपल्या मुलीवर जे ओढवले ते दुसऱ्या कोणावर ओढवू नये, ही त्यांची इच्छा होती. 'लाइफ' साप्ताहिकात जून १९७२ मध्ये ते छापले गेले आणि जगभर पोहोचले.

व्रताच्या भाषेत हे चित्र निःसंशय दिलेले होते. तरीही पुढे जे घडले ते विचार करायला लावते. मुलगी १९७७ मध्ये वारली. चित्र मात्र पुस्तके, फलक, प्रदर्शने यांत फिरत राहिले. या प्रसिद्धीतून कुटुंब पैसे मिळवते, अशी कुजबुज गावात झाली. त्यात तथ्य नव्हते. असे चित्र पैशाचा विषय होऊ शकते हे त्यांच्या मनातही आले नव्हते, असे वडिलांनी नंतर सांगितले. वर्षांनंतर एका परदेशी दूरचित्रवाणीने पुन्हा ते मागितले, मुलाखतीही मागितल्या. तेव्हा आईवडिलांनी नकार दिला. आता लेकीला विश्रांती मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

स्मिथ १९७८ मध्येच वारला होता आणि चित्राचे हक्क आयलीनकडे होते. १९९८ मध्ये ती त्या आईवडिलांना भेटली आणि या चित्राचे काय करायचे याचा निर्णय तिने त्यांच्या हाती सोपवला. यापुढे नव्याने ते कोठे छापायचे नाही, असे ठरले. एका पिढीला औद्योगिक प्रदूषणाचा अर्थ समजावणारे चित्र, विसाव्या शतकातील थोर छायाचित्रांत ज्याची गणना होते असे, एका वृद्ध दांपत्याच्या शब्दाखातर मागे घेतले गेले. संग्रहालये आणि छायाचित्रकार यांपैकी अनेकांना हे रुचले नाही. इतिहासाचा पुरावा असा मिटवता येतो का, असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही. मिनामाताविषयीच्या २०२० मधील चित्रपटाच्या निमित्ताने हे चित्र पुन्हा चर्चेत आले, आणि ते कोणाचे, हा प्रश्नही त्याबरोबर परत आला.